झाकण उघडायचं नाय

"पेटत नाय तर नाय," राघो म्हणाला आणि हातातला पंखा त्यानं अंगणात आपटला. "माती हाय ही. माती काळ्या रंगात बुडवून इकतायत आणि आमची पोरं घेतायत."

समोर पिंप होतं. पिंपाच्या तळाशी जाळीच्या टोपलीत कोळशाच्या वड्या रचल्या होत्या. कारखान्यात कोळशाचा चुरा चिकीत, म्हणजे पिठाच्या खळीत, कालवतात, साच्यात दाबतात आणि वाळवतात, तशा. सगळ्या एका मापाच्या, लहान उशीसारख्या फुगीर. अंगणात ऊन आल्यापासून राघो त्यांना वारा घालत होता. एखादीच्या कडेला पांढुरकी किनार धरायची, तो खूश व्हायचा, आणि बाकीच्या ढिम्म.

"बाबा, वारा नका घालू म्हटलं ना," ओट्यावरून सून म्हणाली. स्नेहलचे हात कोपरापर्यंत मसाल्यात होते. "पांढऱ्या होईपर्यंत थांबायचं. मग कोंबडी ठेवायची आणि झाकण लावायचं. बस."

"बस काय? इस्तू म्हंजे काय कुकर हाय, लावला आणि शिट्ट्यांची वाट बघत बसलो?"

"तसंच हाय ते."

राघोला हे लागलं.

ह्या पिंपाला स्नेहल स्मोकर म्हणायची. शहापूरच्या वेल्डरकडून तिनं ते करून घेतलं होतं. खाली हवेसाठी भोकं, मध्ये कोंबडी ठेवायला जाळी, वर झाकण, आणि झाकणावर घड्याळासारखा एक काटा, आत किती तापलंय ते सांगणारा. तळाशी निखारे घालायचे, त्यात आंब्याच्या लाकडाचा एखादा ढलपा टाकायचा आणि झाकण लावून टाकायचं. भाजायचं नाही. धुरात शिजवायचं, सावकाश. भातसा धरणाच्या बाजूला जे बंगले झालेत तिथं शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात आणि असलं आवडीनं खातात. त्यातल्या एका मोठ्या फार्महाऊसचा मॅनेजर, सुयोग त्याचं नाव, रविवारी दुपारी चव घ्यायला येणार होता. त्याला पटलं तर दर आठवड्याचं काम.

राघोला त्या कामाचं वेगळंच पडलं होतं. उभी हयात त्यानं कसाऱ्याच्या पायथ्याशी एका धाब्यावर शेगडी सांभाळली होती. ट्रकवाले त्याला नावानं हाक मारायचे, कोंबडी त्याच्याच हातची मागायचे. मग रस्ता रुंद झाला, धाबा गेला आणि राघो घरी आला. घरी म्हणजे पडवीत. पडवीत बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा विचारतो, "काय, घरीच?" ह्या दोन शब्दांनी त्याला आतून पोखरून काढलं होतं. पिंप आणलं त्या दिवशी स्नेहल म्हणाली होती, "मसाला माझा, इस्तू तुमचा." दुसऱ्या दिवसापासून राघो सकाळी उठून दाढी करायला लागला.

आणि आता विस्तवच त्याला ओळख देईना.

स्नेहल पातेलं घेऊन आत गेली तसा तो उठला. पाण्याच्या इंजिनाशेजारची डिझेलची बाटली आणली आणि वड्यांवर सढळ हातानं ओतली. भडका डोक्याच्या वर गेला. भुवया थोडक्यात वाचल्या, पण वड्या पेटल्या. त्या पांढऱ्या व्हायची वाट बघायला राघोला सवड नव्हती. जाळी ठेवली, कोंबडी ठेवली, झाकण लावलं आणि त्यानं मिशीवरून हात फिरवला.

दुपारी त्याच्या बायकोनं, कमळाबाईनं, पहिला घास तोंडात घातला आणि तसाच हातावर काढला.

"यष्टीच्या डेपोत बसून जेवल्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

"बघ," राघो सुनेकडे वळला. "तरी सांगत होतो. तुझ्या वड्यांना वास मारतो."

"वड्यांना नाय. डिझेलला मारतो. डिझेल तुमी ओतलंत."

"पेटल्या असत्या तर कशाला ओतलं असतं?"

"थांबला असतात तर पेटल्या असत्या."

"थांबला असतात," राघोनं तिची नक्कल केली. "धाब्यावर अख्खा तांडा ताटं वाजवत बसलाय, आणि मी इस्तवाला सांगतो, सायेब, तुमचं चालू द्या, मी थांबतो."

कमळाबाई हसली. स्नेहल हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

"तुमचा धाब्यावरचा खडा कोळसा पटकन चढतो आणि पटकन पडतो, बाबा. एक तुकडा मुठीएवढा, एक करंगळीएवढा. वड्या एका मापाच्या, म्हणून एकसारख्या जळतात. काटा हलत नाय. मी मोबाईलवर बघितलंय, दोन-चार जणांना इचारलंय पण."

"मोबाईलवर वास येतो काय गो? खड्या कोळशाला लाकडाचा वास हाय. ह्या चिकीला कसला? रविवारी माझ्या हातानं व्हायचं असंल तर खडा कोळसा. नायतर तू आणि तुझा काटा, बसा."

स्नेहल बराच वेळ पदराला हात पुसत राहिली.

"बरं. खडा कोळसा," ती म्हणाली. "पण झाकण उघडायचं नाय."

"नाय उघडत."

"नक्की?"

"अगो नाय म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी राघो धाऊकडे गेला. धाऊ मुरबाडच्या पुढं, म्हसा गावाच्या अलीकडे राहायचा. लोकांच्या मालकीच्या जागेतली वठलेली झाडं घ्यायची आणि कोळसा पाडायचा, हा त्याचा धंदा. धाब्याला कोळसा त्याचाच यायचा. त्यामुळे दोघांची ओळख एकमेकांना मनापासून शिव्या देण्याइतकी जुनी होती.

धाऊची भट्टी चालू होती. भट्टी म्हणजे लाकडांचा रचलेला ढीग, त्यावर पाला, त्यावर ओल्या मातीचा जाड थर. लांबून बघणाऱ्याला नुसता मातीचा उंचवटा दिसायचा आणि त्यातून निघणारा बारीक धूर. शेजारी बाज टाकून धाऊ पडला होता.

"काय रे राघ्या, मेला नाय अजून?"

"तुझ्या कोळशाबिगर कसा मरू? जाळतील कशानं मला?"

"मग आज कशाला आलास? ताप हाय का काय?"

राघो बाजेच्या कडेला टेकला. पण बसवेना. समोर एवढा विस्तव आणि डोळ्यांना काही दिसत नाही, हे त्याला सहन होईना.

"आत पेटलंय का इझलंय, तुला कळतं कसं?"

"धुरावरून. पांढरा हाय तवर लाकडातलं पाणी जातंय. निळा झाला की भोकं बुजवायची."

एका ठिकाणी मातीला बारीक तडा गेला होता. राघोनं खालची काठी उचलली आणि आत कितपत झालंय ते बघायला ती तड्यात घातली. धाऊ बाजेवरून उठला कधी ते कळलं नाही, पण राघोच्या मनगटावर फाडकन फटका बसला. थट्टेतला नव्हे. चोरून गूळ खाणाऱ्या पोराला बसतो तसा.

"हात मोडीन," धाऊ म्हणाला. वाकून त्यानं तडा ओल्या मातीनं लिंपून टाकला. "आत वारा गेला तर सगळ्याची राख होईल. माझा नातू झाला तवा मी हिथंच होतो. नातवाचं तोंड बघायला उठलो नाय, आणि तू काठ्या घालतोस."

"नुसतं बघत होतो रे."

"बघायचंच नसतं."

मनगट चोळत राघो कोळशाकडे वळला. आधीच्या भट्टीचा माल झाडाखाली पडला होता. त्यानं एकेक तुकडा उचलून दुसऱ्यावर वाजवला. काचेसारखा खणखणीत वाजत होता. असा कोळसा हातात आला की त्याला बरं वाटायचं. गोणी भरली. पलीकडे धाऊची बायको रंगू त्या भट्टीच्या जागेवरचा चुरा खराट्यानं गोळा करून वेगळ्या गोण्यांत भरत होती.

"ह्याचं काय करता, वैनी?"

"कारखान्याची गाडी येते. वड्या पाडतात म्हणं त्याच्या. हॉटेलवाले नेतात."

राघोनं चिमूटभर चुरा बोटांत चोळून बघितला. मग त्यानं विचारलं, "आंब्याचा चुरा का ऐनाचा?"

"जो पडंल तो," धाऊ म्हणाला. "का रे?"

"काय नाय."

मुरबाडला एसटीत गोणी चढवताना कंडक्टर भांडला, शेजारची बाई भांडली, आणि गोणीच्या शिवणीतून सगळ्या वाटेवर काळी भुकटी गळत राहिली. राघो घरी पोचला तेव्हा त्याचे डोळे आणि दात तेवढे ओळखू येत होते. चुऱ्याची गोष्ट मात्र त्यानं घरात काढली नाही.

रविवार उजाडला. खडा कोळसा पेटला, आणि काय पेटला. शिंदीच्या पानाचा तो पंखा कमळाबाईनंच धाब्याच्या दिवसांत विणून दिला होता. त्याचे चार झटके बसले नाहीत तोच निखारे तडतडायला लागले, ठिणग्या उडाल्या आणि राघोच्या अंगात जुना धाबा संचारला. त्यानं आंब्याचा ढलपा टाकला, जाळी ठेवली, कोंबड्या मांडल्या, झाकण लावलं. काटा सरसर चढला.

"लई चढला, बाबा. खालची भोकं जरा बंद करा."

त्यानं केली. काटा थांबला. स्नेहल चटणी वाटायला आत गेली. काटा जरासा उतरला.

पहिल्यांदा राघोनं झाकण उघडलं ते नुसतं बघायला. दुसऱ्यांदा उघडलं ते पहिल्यांदा उघडल्यामुळे काय झालं ते बघायला. आत वारा शिरला होता, निखारे फुलले होते, त्यांच्यावर चरबी ठिबकून जाळ उठत होता. त्यानं घाईघाईनं झाकण दाबलं, भोकं बंद केली. मग वाटलं, विस्तव घुसमटून मरणार. भोकं उघडली आणि खाली बसून पंखा घातला. काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. राघोला दरदरून घाम फुटला. जाळ समोर दिसत असता तर त्यानं त्याला एका हातानं खेळवला असता. हा साला पिंपात दडून बसला होता.

स्नेहल बाहेर आली तेव्हा झाकण जमिनीवर होतं आणि राघो चिमट्यानं कोंबडी उलटी करत होता. कातडी कोळशासारखी झाली होती. तिनं एक तंगडी घेतली आणि सांध्यात मोडली. आतून गुलाबी पाणी आलं.

तिनं ती तंगडी परत जाळीवर ठेवली. रागावली असती तर राघोला सोपं गेलं असतं.

"भोकंच चुकीची पाडलीत त्या वेल्डरनं," तो म्हणाला. "आणि कोळसा यष्टीत दमट झाला. ती बाई पाण्याची बाटली घेऊन बसली व्हती गोणीवर." थोडं थांबून म्हणाला, "आणि हा तुझा काटा. आधी फोडून टाकला पायजे ह्याला."

स्नेहल आत गेली आणि दुसरं पातेलं घेऊन आली. मसाला लावलेल्या आणखी कोंबड्या होत्या.

"ह्या कुठून आल्या?"

"ठेवल्या होत्या."

"म्हंजे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक नव्हतं, बाबा," ती हळू म्हणाली. "पण ठेवल्या."

निखाऱ्याचा चटका हाताला बसतो, त्याची राघोला सवय होती. हा वेगळीकडे बसला. तो उलट्या घमेल्यावर बसून राहिला. ओसरीत प्रज्वलचा, त्याच्या मुलाचा, कंपनीचा शर्ट वाळत होता. प्रज्वल रविवारच्या पाळीला गेला होता; तो घरी असता तर काय बोलला असता, हे मनात येऊन त्यानं मान फिरवली.

"आता काय घालायचं ते तुमी सांगा," स्नेहल म्हणाली. "इस्तू तुमचा हाय."

कोपऱ्यात दोन्ही गोण्या होत्या, खड्या कोळशाची आणि वड्यांची. राघोनं धाऊच्या गोणीतला एक तुकडा काढून दुसऱ्यावर वाजवला. अजून तसाच खणखणीत. खोट त्याच्यात नव्हती. मुठीएवढा तुकडा आणि करंगळीएवढा तुकडा एकत्र जाळायचे तर माणसाचा हात लागतो. आणि राघोचा हात एकदा लागला की थांबत नाही. त्या हाताला आता ह्या वयात कोण शिकवणार.

"वड्या आण," तो म्हणाला.

कमळाबाई दारात उभी होती. त्यानं पंखा तिच्याकडे दिला.

"हा आत ने. मी मागितला तरी देऊ नको."

"शिव्या दिल्या तर?"

"तरी नाय."

जुन्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यानं त्यात थोड्या वड्या ठेवल्या, खाली सुका पेंढा आणि काटक्या पेटवल्या. डिझेल नाही, वारा नाही. वड्या ढिम्म होत्या. राघोनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मग कडा पांढुरक्या झाल्या, मग अंग पांढरं झालं, शेवटी काळं कुठं राहिलं नाही. टोपलीतले जुने निखारे काढून त्यानं बाकीच्या वड्या रचल्या, त्यांच्यावर ह्या पेटलेल्या चिमट्यानं मांडल्या आणि आंब्याचा ढलपा टाकला. कोंबड्या मांडल्या. झाकण लावलं. काटा चढत चढत एका जागी गेला आणि तिथं बसला.

आता करायला काहीच नव्हतं. हीच तर पंचाईत होती. झाकणाच्या भोकातून बारीक पांढरा धूर येत होता, राघो त्याच्याकडे बघत बसला आणि त्याच्या मनगटाला उगाच फटका आठवत राहिला. एकदा तो उठला. झाकणापर्यंत हात गेला. आतून कमळाबाई खाकरली. तो बसला.

वाटेनं शेजारचा शाम चालला होता. "काय राघोदादा, बसून?"

"काम करतोय."

शामनं अंगणभर नजर फिरवून काम शोधलं, ते काही सापडलं नाही, आणि तो पुढं गेला.

सुयोग सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला. गाडीतून उतरला तो मोबाईल पुढं धरूनच. चांगला हसतमुख पोरगा होता.

"काका, वास एक नंबर सुटलाय. थांबा, एक व्हिडिओ घेतो, ग्रुपवर टाकू," असं म्हणत त्यानं झाकणाची मूठ धरली.

राघो घमेल्यावरून उठला कधी ते कळलं नाही, पण सुयोगच्या मनगटावर फाडकन फटका बसला.

मोबाईल मातीत पडला. दारात स्नेहल भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच धरून उभी राहिली. कमळाबाईनं डोळे मिटून घेतले.

"उघडायचं नाय," राघो म्हणाला.

"अहो काका, दोन सेकंद फक्त."

"दोन सेकंदातच सकाळची गेली. ती बघायची असंल तर गोठ्याच्या मागं जा. कुत्रा खातोय."

सुयोग मनगटाकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं मोबाईल उचलला, पुसला, आणि पडवीत जाऊन बसला. राघो परत घमेल्यावर बसला. आता हे काम गेलं, असं त्याला पक्कं वाटलं. आणि तरीही त्यानं वेळ झाल्याशिवाय झाकण उघडलं नाही.

मग सगळे जेवायला बसले. कोंबडी हाडापासून अलगद सुटत होती. कातडीला तांबूस रंग चढला होता, आंब्याचा धूर पार आतपर्यंत मुरला होता. सुयोगनं दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा न विचारता घेतलं. राघोनं एक तुकडा तोंडात घातला. चव चांगली होती. चांगली होती म्हणूनच त्याला तो घास गिळायला वेळ लागला.

"मस्तच झालंय," हात धुताना सुयोग म्हणाला. "पण एक विचारू का, वहिनी? एकदा लावून ठेवलं की इथं माणूस काही करत नाही, बरोबर ना? मग हा ड्रम आमच्या फार्मवरच ठेवू. तुम्ही मसाला लावून द्या. आमचा वॉचमन बघेल."

राघोनं खाली बघितलं. खरंच होतं ते. त्यानं काही केलं नव्हतं.

"माणूस लागतो," स्नेहल म्हणाली.

"कशाला?"

"झाकण कोणी उघडू नये म्हणून."

सुयोगनं मनगट चोळलं. त्याला हसू आलं. "मग काकांनाच पाठवा," तो म्हणाला. "शनिवारी गाडी पाठवतो. काका, पण पाहुण्यांना मारू नका."

"हात लावला नाय तर कशाला मारीन?" राघो म्हणाला.

गाडी गेली. उन्हं कलली. स्नेहल ओट्यावर भांडी गोळा करत होती. कमळाबाईनं पंखा आणून त्याच्यापुढं धरला.

"घे तुझा."

राघोनं तो हातात घेतला. कडेला शिवलेलं लाल कापड पार जळून काळं पडलं होतं, मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खळगा होता. त्यानं तो परत दिला.

"चुलीपाशी ठेव. तुला लागंल."

"आणि भांड्यांना राख पायजे हां. टाकू नको," कमळाबाई म्हणाली.

ती आत गेल्यावर तो पिंपाजवळ गेला. पिंप गार झालं होतं. त्यानं झाकण उचललं. तळाशी वड्या होत्या तशाच्या तशा रचलेल्या दिसल्या, एका मापाच्या, फुगीर, एकही इकडची तिकडं झालेली नाही. फक्त रंग पांढरा. न जळता राहिल्या की काय म्हणून त्यानं वाकून एकीला बोट लावलं. बोट आरपार गेलं. नुसती राख होती. आकार तेवढा धरून बसली होती.

नुसता श्वास लागला असता तरी सगळ्या उडाल्या असत्या. राघोनं तोंड बाजूला वळवून श्वास घेतला, आणि झाकण हळूच परत ठेवलं.